पट आणि हजर

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात मराठीच्या तासाला फळ्यावर विषय पडायचा, 'मी उन्हाळी सुट्टी कशी घालवली'. तुम्हीही हा निबंध लिहिलेला आहे. सहावीत लिहिला, सातवीत लिहिला, आठवीत जरा मोठं अक्षर काढून लिहिला, पान लवकर भरावं म्हणून. त्यात मामाचं गाव होतं, विहिरीवरचं पोहणं होतं, आंब्याची अढी होती आणि शेवटी 'सुट्टी कधी संपली ते कळलेच नाही' हे वाक्य होतं. मामा नाशिकच्याच जेलरोडला दोन खोल्यांत राहत असला तरी निबंधातला मामा गावीच राहायचा. सरांनाही ते ठाऊक असे. ते दहापैकी सहा द्यायचे.

आज तोच निबंध पुन्हा मनात लिहायचा आहे, पण या वेळी खरा. मार्क नाहीत, वेळेचं बंधन नाही. दुपार असेल तर बरं. मे महिन्यात नाशिकची सकाळ अजून गार असते, संध्याकाळी गच्चीवर वारा येतो, पण बारा ते चार काही हलत नाही. त्या चार तासांत बसा. पंखा चालू राहू द्या. डोळे मिटायची सक्ती नाही. सातवी ते दहावीच्या मधला एक उन्हाळा निवडा. एकच. 'लहानपणीचे उन्हाळे' असं अनेकवचन मनात आलं की मामाचं गाव पुन्हा डोकं वर काढतं.

सापडला उन्हाळा? नसेल तर १ मेपासून सुरुवात करू.

महाराष्ट्र दिन. सकाळचं झेंडावंदन, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि मग वर्गात निकाल. प्रगतिपुस्तक हातात येतं. गुणांकडे सगळेच बघतात, तुम्ही आज गुण बघू नका. खाली किंवा मागच्या पानावर दोन छोटे रकाने असायचे, उंची आणि वजन. पहिल्या सत्रात सरांनी भिंतीवरच्या खुणेला पाठ लावून उभं केलं होतं, डोक्यावर पट्टी आडवी ठेवली होती आणि आकडा लिहिला होता. दुसऱ्या सत्रात पुन्हा लिहिला. (मोजायला वेळ नसला की अंदाजानं दोन सेंटिमीटर वाढवूनही लिहीत. ते खोटं फारसं चुकीचं नसे.) त्या दोन आकड्यांकडे बघा. त्यानंतरचा आकडा थेट पुढच्या वर्षाच्या प्रगतिपुस्तकात, नव्या सरांच्या अक्षरात येणार आहे. मधला उन्हाळा तुम्ही कुणाच्याच पट्टीखाली नव्हता.

शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षाला २२० कामाचे दिवस आणि १,००० तास ठरवून दिलेले आहेत. दिवस मोजलेले, तास मोजलेले. हे बरंच आहे, कुठेतरी मोजायलाच हवं. पण बारा ते पंधरा या वयात माणूस ज्या वेगानं बदलतो, त्याचा मोठा भाग या हजार तासांच्या बाहेर घडतो, आणि २ मे ते जूनच्या मध्यापर्यंतचे सहा आठवडे हा त्यातला सगळ्यात सलग तुकडा. एप्रिलमध्ये शाळेनं एक मूल घरी पाठवलं आणि जूनमध्ये त्याच नावाचं, त्याच हजेरी क्रमांकाचं दुसरंच मूल परत घेतलं, असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही.

आता त्या मेमध्ये शिरा. तुम्ही कुठे झोपत होतात? पंचवटीतल्या वाड्याच्या माडीवर, सिडकोच्या घरात ओळीनं टाकलेल्या गाद्यांवर, ओझरच्या एचएएल वसाहतीत, की निफाडकडच्या एखाद्या मळ्यात, कांद्याच्या चाळीच्या शेजारी खाट टाकून? अंगाखाली काय होतं? गोधडी, सतरंजी, की नुसती गार फरशी? डोक्यावर आभाळ होतं की पत्रा? पत्रा असेल तर तो रात्री किती वाजेपर्यंत तापलेला असायचा, ते अजून पाठीला माहीत असेल. इथं घाई करू नका. जागा सापडली की माणसं आपोआप येतात.

संध्याकाळी कुठे जात होतात? कुणी आजोबांचं बोट धरून गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला गेलेलं असेल. शंभर वर्षं ओलांडलेली ही व्याख्यानमाला मे महिन्यात देवमामलेदार यशवंतराव महाराज पटांगणावर भरते, आणि तिथं आलेल्या मुलांपैकी निम्म्यांना वक्त्यापेक्षा परतीच्या वाटेवरची भेळच जास्त आठवते, यात वक्त्यांचा काही दोष नाही. कुणी त्र्यंबक रोडवरच्या सावरकर जलतरण तलावाची सकाळची बॅच लावलेली असेल, पावती, टोपी, क्लोरीनचा वास. आणि कुणी पावतीबिवती काही न करता गांधी तलावात उडी मारलेली असेल. पोहायला ते दोघेही शिकले असतील किंवा नसतील. पण वर्गात जूनमध्ये 'मी समर कॅम्पला गेलो होतो' हे वाक्य ज्याला म्हणता यायचं, त्याच्याकडे बाकीचे कसे बघायचे ते आठवा. तुम्ही बघणाऱ्यांत होतात की सांगणाऱ्यांत?

नववीतून दहावीत जाणाऱ्यांना या प्रश्नांची उत्तरं देणं सोपं आहे. त्यांना उन्हाळा नव्हताच. एप्रिलअखेर परीक्षा संपली आणि कॉलेज रोडला व्हेकेशन बॅच सुरू झाली. त्यांच्याविषयी मी इथं जास्त लिहीत नाही. त्यांच्या वाटचं सगळ्यांनीच भरपूर लिहून ठेवलं आहे.

त्यापेक्षा अंगाकडे या. हे निबंधात कधीच नव्हतं. त्या सुट्टीत कुणाचा आवाज फुटला. फोन उचलल्यावर पलीकडून 'कोण, भाऊजी का?' असं विचारलं गेलं आणि तो गोंधळून गप्प बसला. कुणी आरशासमोर दार लावून उभं राहायला लागलं. कुणाची पाळी त्या मेमध्ये सुरू झाली, आणि ज्या गल्लीत एप्रिलपर्यंत ती भावांबरोबर क्रिकेट खेळत होती, त्या गल्लीत तिला कुणी 'येऊ नको' म्हटलं नाही. फक्त गच्चीवर कुरडयांचा चीक हाटायला बसवलं गेलं. गहू तीन दिवस भिजवलेले, पाटा-वरवंट्यावर नाही तर मिक्सरवर वाटलेले, पिळून, निवळून काढलेलं पांढरं सत्त्व पातेल्यात रटरटतंय, आणि मोठ्या उलथन्यानं ते एका दिशेनं ढवळत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. वाफेनं चेहरा भाजतोय. खाली गल्लीत चेंडू बॅटीवर आपटल्याचा आवाज येतोय. आई म्हणते, "लक्ष कुठंय तुझं?" त्या मुलीचं लक्ष कुठे होतं ते आईला चांगलं ठाऊक होतं. तिनंही असाच चीक हाटलेला होता.

तुमच्या निवडलेल्या उन्हाळ्यात असं काय झालं, जे आधी नव्हतं आणि नंतर कायमचं राहिलं? शब्दांत मांडू नका. नुसतं त्याच्या शेजारी थोडा वेळ बसा.

आता आणखी एका सुट्टीकडे जायचं आहे. ती कदाचित तुमची नाही, पण तुमच्या हातातून गेलेली आहे.

मे महिन्यात रविवार कारंजावर, पंचवटीत, निमाणी स्टँडच्या बाहेर पेठ, हरसूल, सुरगाण्याकडच्या बायका टोपल्या घेऊन बसतात. करवंदं, जांभळं, तोरणं. पानाच्या द्रोणात माप भरून देतात. तुम्ही द्रोण घेतलात, घरी येईपर्यंत निम्मा संपवला, बोटं काळी-चिकट झाली. आता त्या द्रोणाच्या मागे मागे चालत जा. टोपली पहाटेच्या एसटीनं आली. करवंदं आदल्या दिवशी तोडलेली. करवंदाची जाळी म्हणजे नुसते काटे, जोडीजोडीनं आलेले, आणि फळ तोडलं की देठातून पांढरा चीक येतो, तो बोटांवर वाळून काळा पडतो आणि पाण्यानं जात नाही. जाळीत हात घालायला लहान हात सोयीचा. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे उठतात, जुने भरत येतात तोवर नवे. तो हात कुणाचा होता? पुष्कळदा आठवी-नववीतल्या मुलीचा. तिलाही सुट्टीच होती. शाळेच्या भाषेत सांगायचं तर तुमची आणि तिची सुट्टी एकाच तारखेला लागली आणि एकाच तारखेला संपली.

करवंदांच्या आधी तिनं पाणी आणलेलं असतं. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पश्चिमेच्या तालुक्यांत पडतो आणि मे महिन्यात पाण्यासाठी सगळ्यात खोल उतरावं लागतं तेही तिथल्या पाड्यांवर. उताराचा काळा कातळ पाणी धरत नाही. पेठ-सुरगाण्याचा पाऊस दमणगंगा, नार, पार या नद्यांतून पश्चिमेला गुजरातच्या बाजूनं समुद्राला मिळतो. भूगोलाच्या पुस्तकात 'पश्चिमवाहिनी नद्या' असा जो ठोकळा असतो, तो या मुलीला पाठ करायची खरं तर गरज नाही. तळाशी गेलेल्या विहिरीजवळ वाटीवाटीनं हंडा भरताना तो तिच्यासमोरच असतो.

इथं दयेचा उमाळा आला तर तो जरा बाजूला ठेवा. तिच्या सुट्टीत लग्नं होती, रात्रभराची नाच-गाणी होती, आंब्याखालची झोप होती. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांसाठी तर सुट्टी म्हणजे घर, आईच्या हातची नागलीची भाकरी, स्वतःचा आवाज मोकळा सोडता येणं. आपण 'शाळेला सुट्टी लागली' म्हणतो तेव्हा मूल घरीच असतं, नुसतं दप्तर खुंटीला लागतं. त्यांचं मात्र सुट्टी संपली की घर सुटतं. जूनच्या मध्यात ट्रंक किंवा पिशवी घेऊन एसटीत चढणाऱ्या त्या दहा-बारा वर्षांच्या पोराच्या पोटात काय होत असेल, तिथं क्षणभर थांबा. तुम्ही कधी कुणाला असं बसस्टँडवर सोडायला गेला आहात का? की कुणी तुम्हाला सोडलं होतं?

नाशिकला ही वाट जुनी आहे. खेड्यातली प्राथमिक शाळा संपली की पुढं शिकायला नाशिक गाठायचं. १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाजाचं काम सुरू झालं ते वसतिगृहापासून, उदोजी मराठा बोर्डिंगपासून. शेतकऱ्याचं पोर शहरात राहील कुठे, हा प्रश्न शाळेच्या इमारतीपेक्षा मोठा आहे हे त्या लोकांनी ओळखलं होतं. विष्णू वामन शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, यांचं प्राथमिक शिक्षण पिंपळगावला झालं आणि माध्यमिक शिक्षण नाशिकच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये, आज जी रुंग्टा हायस्कूल म्हणून ओळखली जाते तिथं. पिंपळगावाहून नाशिक आज गाडीनं पाऊण तास. तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुलासाठी ते दुसरं गाव होतं, दुसरी माणसं, दुसरी बोली. जन्मानं ते गजानन रंगनाथ, दत्तक गेल्यावर विष्णू वामन. हजेरीत एक नाव, आधीचं दुसरं. पुढं मोठी होणारी माणसंही कधीतरी नव्या वर्गात शेवटच्या बाकावर जागा शोधत उभी असतात.

उन्हाळा आता उताराला लागला आहे. रोहिणी नक्षत्र संपतं, ७-८ जूनला मृग लागतो. पहिल्या सरीनंतर ओल्या मातीवर मखमली लाल किडा दिसतो, मृगाचा किडा. तो काडेपेटीत नाही तर रिकाम्या कंपासपेटीत ठेवून चार दिवस सांभाळायचा, हा उद्योग शहरातल्या मुलांनीही केलेला असतो. घरातल्या मोठ्यांच्या डोक्यात मात्र त्या आठवड्यात आकडेमोड चालू असते. बियाणं, खतं, मजुरी, आणि त्याच पंधरवड्यात गणवेश, वह्या, दप्तर, रेनकोट, रिक्षावाल्या काकांचा आगाऊ महिना. हा तिढा कुणी फार बोलून दाखवत नाही. शाळेची सुट्टी उन्हाचा विचार करून ठरलेली आहे, शेतीचा नाही. त्यामुळे खरिपाची पेरणी आणि शाळेचं पहिलं पाऊल एकमेकांच्या अंगावर येतात, वर्षातल्या सगळ्यात कडकीच्या महिन्यात. चाळीतला उन्हाळ कांदा आत्ता काढायचा की भाव चढेपर्यंत ठेवायचा, हे लासलगावच्या लिलावावर जितकं ठरतं, तितकंच घरात नववीला गेलेलं कुणी आहे का यावरही ठरतं. त्यात सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, नववीपासून विकत. म्हणून नववीच्या जूनमध्ये पहिल्यांदा 'जुनी पुस्तकं कुणाची मिळतील का' हा शोध सुरू होतो. आधीच्या मालकानं उत्तरांखाली पेन्सिलीनं रेघा मारून ठेवलेल्या असतात, आणि कधीकधी त्या चुकीच्या उत्तरांखाली असतात.

एक काम मात्र बहुतेक घरांत सारखंच होई. गेल्या वर्षीच्या वह्या काढायच्या. मागची कोरी पानं, कधी सहा, कधी वीस, जपून फाडायची. एकरेघी, दुरेघी, चौकटी, सगळी एका गठ्ठ्यात ठोकून कडा सारख्या करायच्या. मग वडील किंवा आजोबा दाभण घेऊन बसायचे. गठ्ठ्याच्या डाव्या कडेला तीन भोकं, त्यातून जाड दोरा, मधल्या भोकात गाठ, वर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून कव्हर. झाली रफ वही. मध्येच एखाद्या पानाच्या माथ्यावर गेल्या फेब्रुवारीची तारीख राहून गेलेली असायची आणि खाली काहीच नसायचं, त्या दिवशी तुम्ही आजारी होतात किंवा सर आले नव्हते. बालभारतीनं २०२३-२४ मध्ये पुस्तकांतच कोरी पानं बांधून दिली होती आणि पुढं तो प्रयोग थांबला. त्या कोऱ्या पानांवर वाद भरपूर झाले. आजोबांच्या दाभणावर कुणीच वाद घातला नव्हता.

गणवेश घालून बघा, असंही याच दिवसांत म्हटलं जायचं. मागचाच शर्ट, बाही मनगटाच्या वर आलेली, पँटची दुमड उसवून खाली सोडलेली आणि तिथली निळी रेघ बाकी कापडापेक्षा गडद. नवा शिवायचा झाला तर शिंपी माप घेताना आईकडे बघायचा आणि आई म्हणायची, "वाढत्या अंगाचा शिवा." खांद्यावरून उतरणाऱ्या त्या शर्टात स्वतःला बघा. तो अंगाला नीट बसेल त्या दिवशी जुना झालेला असणार, हे तिथल्या तिघांनाही ठाऊक होतं.

याच सुमाराला संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघते आणि नाशकातून जाते. काही वर्षी पालखी आधी जाते आणि शाळा नंतर उघडते, काही वर्षी उलटं. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आला, १७ मे ते १५ जून, म्हणजे सुट्टीचा बराच मोठा भाग धोंड्याच्या महिन्यात गेला. पंचांग महिना वाढवून मागं-पुढं सरकतं. शाळेचं वेळापत्रक सरकत नाही, आणि मुलाच्या अंगातलं वेळापत्रक या दोघांनाही विचारत नाही.

आता शाळेचा पहिला दिवस. दारात तोरण, प्रवेशोत्सव, गुलाबाचं फूल, फोटो. तो दिवस सोडून द्या, त्या दिवशी कुणी खरं दिसत नाही. त्यानंतरचा, पाचवा-सहावा दिवस घ्या. बाहेर पावसाची भुरभूर, वर्गात ओल्या रेनकोटांचा वास. फळ्याच्या कोपऱ्यात वर्गप्रतिनिधीनं खडूनं लिहिलेलं असतं: दिनांक, वार, आणि खाली दोन ओळी. पट ५८. हजर ५१.

या दोन आकड्यांवर या मननातला सगळ्यात जास्त वेळ घालवा. सात. सर नावं घेतात, 'हजर सर', 'हजर सर', मध्येच एक नाव पडतं आणि उत्तर येत नाही. सर पुन्हा घेतात. मागून कुणीतरी म्हणतं, "तो मामाकडंच राहिला सर." "तिच्या बहिणीचं लग्न होतं, अजून आली नाय." "तो कामाला लागला, सातपूरला." "त्यांच्याकडं आवणी हाय." भाताची आवणी संपली की यातले दोन-तीन येतात. एखाद्यानं दाखला काढलेला असतो. आणि एखादी मुलगी येतच नाही. तिच्या मैत्रिणींना कारण माहीत असतं, त्या खाली बघतात. शिक्षण हक्क कायद्याचा हात सहा ते चौदा वर्षांपर्यंतच पोचतो. त्यापुढं शाळेनं, गावानं, घरानं बघायचं. सरकारनं जुलै २०२२ मध्ये 'मिशन झीरो ड्रॉपआऊट' काढून घरोघर शोध घ्यायला लावला होता. खेड्यातल्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, तो शाळेतच आणून द्यायची सोयही केली. पास असला तरी पहिल्यांदा घरातून निघावं लागतं. चांगला वर्गशिक्षक पटावरचं नाव लगेच कापत नाही. महिनाभर रोज उच्चारतो, उत्तर येणार नाही हे माहीत असून. बाकीच्या मुलांना ते कंटाळवाणं वाटतं. मला तो शाळेतला सगळ्यात मोलाचा तास वाटतो, आणि तो हजार तासांत धरला जातो की नाही, कोण जाणे.

तुम्ही निवडलेल्या त्या उन्हाळ्यानंतरच्या जूनमध्ये तुमच्याही वर्गात एक नाव असं पडलं असेल. ते कोणाचं? नुसतं 'होता एक' नाही, नाव, आडनाव आणि तो कुठल्या रस्त्यानं घरी जायचा ते. लगेच आठवणार नाही. हजेरी क्रमांक एकपासून सुरू करा आणि सरांच्या आवाजात नावं घेत खाली या. अडखळाल तिथं त्याच्या आधीचं आणि नंतरचं नाव पुन्हा घ्या.